सतरा नंबरचं नाव

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक काळा फळा आहे. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं अकरा नावं लिहिली आहेत. त्या अकरा जणांबद्दल मला काहीही सांगायचं नाही, ते आपापल्या ठिकाणी सुखी असोत. सांगायचं आहे ते उत्तम सोमकुंवरबद्दल. त्याचं नाव त्या फळ्यावर येणारच नव्हतं आणि त्यालाही ते नको होतं. त्याला भावाचं नाव हवं होतं.

मी प्रभाकर, सौंसरच्या शाळेत खेळाचा मास्तर होतो. पंच्याऐंशी साली कुठल्याशा मासिकात वाचलं की परदेशात लोक एका दमात पोहतात, सायकल चालवतात आणि वर धावतातही. मी म्हटलं, आपल्याकडे काय कमी आहे? कन्हान नदी आहे, सायकली आहेत, रस्ते आहेत आणि रस्त्यांत खड्डेही आहेत. मग मी तिहेरी शर्यत काढली. तारीख सव्वीस जानेवारी. रामाकोन्याच्या डोहात एक किलोमीटर पोहायचं. तिथून सायकलनं सौंसर, पुढे पांढुर्ण्याच्या रस्त्यानं वीस किलोमीटर जाऊन परत. आणि शेवटी लोधीखेड्याच्या रस्त्यावर पंधरा किलोमीटर धावून शाळेच्या मैदानावर यायचं. सकाळी सातला सुरुवात आणि दुपारी बाराला शाळेची घंटा वाजली की शर्यत खलास. घंटेच्या आत जो येईल त्याचं नाव फळ्यावर.

हेडमास्तर म्हणाले, "सर, कोणी मेलं-गिलं तर?" मी म्हटलं, "माझं नाव सांगा."

पहिला फॉर्म भरला भाऊरावनं. भाऊराव आमच्या शाळेत चपराशी होता, वय सव्वीस, अंगात वारा भरलेला. घंटा तोच द्यायचा. त्याची एक खोड होती. सगळे ठोके भराभर द्यायचा आणि शेवटचा तेवढा थोडा उशिरानं द्यायचा. पोरांना वाटायचं झालं, तेवढ्यात हा ठोका पडायचा. पोरं त्यावर हसायची. मी दहादा रागावलो, पण त्यानं काही ते सोडलं नाही.

उत्तम त्याचा मोठा भाऊ, बारा वर्षांनी मोठा. बाप लवकर गेला, तेव्हा भाऊरावला यानंच वाढवलं आणि कन्हानच्या डोहात पोहायलाही यानंच शिकवलं. शाळेच्या पाठीमागं पुंडलिकरावांची संत्र्याची बाग आहे, तिथं पाणी देण्याचं काम उत्तमकडे होतं. दोघं भाऊ रामाकोन्याहून सायकलनं बरोबरच निघायचे, पण बरोबर कधीच पोहोचायचे नाहीत. भाऊराव रस्त्यात दिसेल त्याच्याशी बोलत उभा राहायचा. उत्तम पुढे जाऊन एक पाय जमिनीला टेकवायचा, मागं वळून बघायचा आणि वाट बघत थांबायचा. मी कितीतरी सकाळी त्याला तसा रस्त्याच्या कडेला उभा पाहिलेला आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी भाऊरावला ताप आला. पाच दिवसांत तो गेला. सव्वीस वर्षांचा गडी, आणि पाच दिवस. मला अजून राग येतो, कोणाचा ते मात्र सांगता येत नाही.

उत्तम रडला नाही. मूठमाती दिली, दुसऱ्या दिवशी तो बागेत हजर. बागेचं पाणी बंद करायची वेळ झाली होती, म्हणाला. गावात लोक म्हणाले, दगड आहे. त्याची बायको इंदू मला एकदा बाजारात भेटली, म्हणाली, "सर, ते जेवतात, झोपतात, कामाले जातात. पन घरात कोनी नाही असं वाटते." मी विचारलं, मुलं कशी आहेत, आणि पुढे निघालो.

डिसेंबरात मी यादी घेऊन बसलो होतो. सतरा नंबरवर भाऊरावचं नाव होतं. त्यावर रेघ मारायला मी लाल पेन उघडलं, तर दारात उत्तम उभा.

"काटू नका, सर."

"अरे, पण..."

"मी येतो त्याच्या जागी. बिल्ला मी लावतो. नाव त्याचंच राहू द्या."

हे नियमात बसत नव्हतं. पण नियम मीच केले होते, तेव्हा मोडायचा हक्कही माझाच. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हटलं, "एक मात्र ध्यानात ठेव. वेळ तुझ्यासाठी थांबणार नाही. बाराच्या आत आलास तर भाऊरावचं नाव फळ्यावर. नाही आलास तर नाही."

"बराबर हाय," तो म्हणाला. हेच तो सगळ्याला म्हणायचा.

मग तो भाऊरावच्या सायकलवर दिसायला लागला. पहाटे पांढुर्ण्याच्या रस्त्यावर, संध्याकाळी लोधीखेड्याच्या रस्त्यावर. अडतीस वर्षांचा माणूस, पायात टायरच्या चपला. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी त्याला नीट पाहिलं, तर गाल आत गेलेले, ओठ फुटलेले.

"काय रे, आजारी आहेस काय?"

"नाही, सर. ताण देऊन राहिलो."

संत्र्याच्या गावात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. हिवाळ्यात बागेचं पाणी दीड-दोन महिने तोडतात, त्यालाच ताण देणं म्हणतात. झाडं सुकतात, पानं पिवळी पडतात, काही गळतात. बघणाऱ्याला वाटतं, गेली बाग. मग बरोबर दिवस पाहून पाणी सोडतात आणि त्या पाण्यावर बहार फुटतो. दिवस ओळखायचं काम उत्तमचं. चार कोसांत त्याच्याइतका तरबेज माणूस नव्हता. त्यानं आता तोच हिशोब स्वतःच्या अंगाला लावला होता. पळायचं, सायकल मारायची आणि दिवसभरात पाणी अर्धा लोटा, बस. शर्यतीच्या आधीचे तीन दिवस तेवढंही नाही. शेवटच्या टप्प्यात, शाळा दोन किलोमीटर राहिली की नाल्यावरच्या पुलाशी इंदू लोटा घेऊन उभी राहील. ते पहिलं पाणी. त्या पाण्यावर अंग फुलून येईल आणि तो उरलेलं अंतर उडत कापेल.

"झाड दीड महिना सोसते," तो म्हणाला. "मानसाले का होते?"

मी हसलो. मला वाटलं, तो गंमत करतो आहे. मुलांना पी.टी. शिकवणारा माणूस मी, शरीराला पाणी लागतं एवढं मला कळत होतं. तिथंच त्याला धरून, मानगूट वाकवून मटक्यापाशी न्यायला हवं होतं. मी हसलो आणि वर म्हटलं, "बघू तुझा बहार!"

सव्वीसच्या सकाळी डोहावर बावीस जण उतरले. पाणी असं गार की पोरांचे दात वाजत होते. उत्तम सहावा बाहेर आला. ओठ निळे पडलेले, बोटं वाकत नव्हती, शर्टाची बटणं लागेनात. शेवटी मी ती लावून दिली.

"थंडी वाजून राहिली काय रे?"

त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. म्हणाला, "वाजत असन. समजून नाही राहिलं."

सायकलच्या टप्प्यात पाणी द्यायला पोरं ठिकठिकाणी उभी होती. सगळ्यांनी मला नंतर एकच सांगितलं, सतरा नंबरनं मान हलवली आणि पुढे गेला. साडेनऊनंतर ऊन चढलं. धावायला लागला तेव्हा तो नववा होता आणि हातात वेळ भरपूर होता. रमतगमत धावला असता तरी पोहोचला असता, असं मी अजून म्हणतो.

पुलापाशी काय झालं ते इंदूनं सांगितलं. तो आला, थांबला, त्यानं लोटा दोन्ही हातांनी धरला. ती म्हणाली, "हळू प्या. झाडाले पयलं पानी हलकं देतात म्हून तुमीच सांगता न." पण चार कोसांत नाव असलेला हा माणूस स्वतःचाच नियम विसरला. अख्खा लोटा त्यानं एका दमात रिकामा केला आणि चार पावलांवर सगळं ओकून टाकलं. पायांत गोळे आले. तो खाली बसला आणि पुष्कळ वेळ उठला नाही. तिनं पाय चोळले, घरी चला म्हणाली. तो तिच्याकडे असा बघत होता की तिला वाटलं, हे मला ओळखत नाहीत. मग तो उठला आणि शाळेच्या दिशेनं चालायला लागला. ती रिकामा लोटा घेऊन मागं मागं.

इकडे मैदानावर पावणेबारापर्यंत अकरा जण आले होते. मी माईकवर होतो. मला माईक फार आवडतो, हे सगळ्या सौंसरला ठाऊक आहे. बाराला सहा कमी असताना फाटकातून सतरा नंबर आत आला. पाय ओढत येत होता, पण येत होता. फाटकापासून चुन्याच्या रेघेपर्यंत शंभर पावलं, आणि सहा मिनिटं बाकी. मला इतका आनंद झाला की मी माईकमध्ये ओरडलो.

काय ओरडलो? यादीत होतं तेच. "सतरा नंबर, भाऊराव सोमकुंवर!"

भाऊराव नाही हे पोरांना माहीत होतं. अंत्ययात्रेला निम्मी शाळा गेली होती. पण सहा वर्षं त्याच्या घंटेवर सुटलेली पोरं ती, नाव ऐकलं आणि त्यांना आवरलं नाही. एकानं हाक मारली, मग दहांनी, मग सगळं मैदान ओरडायला लागलं. "भाऊराव! चल भाऊराव! ये, ये!"

रेघ वीस पावलांवर राहिली होती. उत्तम थांबला. त्यानं एक पाय थोडा बाजूला टाकला, टेकवला आणि मागं वळून फाटकाकडे पाहिलं.

मला वाटलं, पुन्हा गोळा आला. मी माईक टाकून धावलो. "उत्तम, अरे वीस पावलं राहिली! चार मिनिटं आहेत, चल!"

"थांबा न, सर," तो अगदी शांतपणे म्हणाला. "भाऊ मांगं राहिला. कोनाशी तरी बोलत उभा असन. येते तो."

माझ्या हातात घड्याळ होतं. त्याला हाताला धरून ओढता आलं असतं. ढकलता आलं असतं. मी तसं काही केलं नाही. मीही त्याच्याबरोबर फाटकाकडे बघत उभा राहिलो. मला लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मला खरंच वाटलं की फाटकात कोणीतरी येईल. आली ती इंदू, लोटा घेऊन. पोरं हळूहळू गप्प झाली.

बारा वाजले. नव्या चपराशानं घंटा द्यायला सुरुवात केली. उत्तमनं मान वर केली. एकेक ठोका ऐकत होता. बारावा ठोका बाकीच्या अकरांसारखाच, वेळेवर पडला.

"ही भाऊची घंटा नोहे," तो म्हणाला.

मग तो तिथंच, मैदानाच्या मधोमध खाली बसला आणि रडला. दोन महिने अडवलेलं सगळं बाहेर आलं. पोरांसमोर, हेडमास्तरांसमोर, पाहुणे आलेल्या तहसीलदारांसमोर. इंदू त्याच्याजवळ बसली. ती त्याला गप्प करत नव्हती. मी पाठ फिरवली आणि उगाच चुन्याची रेघ पायानं नीट करत राहिलो.

फळ्याचं काय करावं, मी चार दिवस विचार केला. हेडमास्तर म्हणाले, लिहा हो, कोण विचारतं? कोणीच विचारलं नसतं. पण मी उत्तमला शब्द दिला होता, वेळ थांबणार नाही म्हणून, आणि त्या भल्या माणसाशी लबाडी करायला माझा हात धजेना. पेंटरला मी अकरा नावं दिली. त्यानंतर मला नीट झोप लागत नव्हती.

आठवड्यानं उत्तम शाळेत आला. बागेत पाणी सोडून तसाच आला होता, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. व्हरांड्याखाली उभं राहून त्यानं फळा वाचला, पहिल्यापासून अकराव्या नावापर्यंत, बोट हवेत धरून. मी दारात उभा. मी म्हटलं, "उत्तम, माझं चुकलं असेल तर सांग. अजून लिहिता येतं."

तो माझ्याकडे वळला. त्याचे डोळे लाल होते, पण त्यांत आता माणूस होता.

"बराबर हाय, सर," तो म्हणाला. "तो आलाच नाही न."