फाटक नसलेल्या शाळा

रूथचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, म्हणजे हॉलंडमधल्या आल्मेरेतल्या माझ्याच स्वयंपाकघरात, लॅपटॉपचा आवाज बंद करून कुकरच्या शिट्ट्या ऐकत. "पप्पा गेले," एवढं ती मराठीत म्हणाली आणि पुढचं सगळं इंग्रजीत. हॉस्पिटलवाल्यांनी शेवटी तिला एकटीलाच आत सोडलं होतं, तेही प्लास्टिकचा झगा घालून. मी फिट्स, म्हणजे सायकल, काढली आणि दोन गल्ल्या ओलांडून तिच्या दारात गेले. ती उंबऱ्याच्या आत, मी बाहेर, मध्ये सरकारने ठरवून दिलेलं अंतर. अशा वेळी बाईने बाईला जवळ घ्यायचं असतं, हे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. पण या करोनाच्या दिवसांत आम्ही दोघी नुसत्या उभ्या राहिलो. मला या दिवसांचा राग येतो.

रूथचे पप्पा, शांतवन साळवे, यांना जाऊन आता काही आठवडे झाले. त्यांच्याबद्दल जे छापून आलं ते सगळं मी वाचलं. पॅसिफिक महासागरातल्या टोंगा नावाच्या देशात, चिमुकल्या बेटांवर, ख्रिस्ती शाळांचं जाळं विणणारा नगर जिल्ह्यातला माणूस... दूरदृष्टी, सेवाभाव, त्याग. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं म्हणतात, तसं ते सगळे बोलले. पण साळवेकाकांना स्वतःला हे ऐकवलं असतं तर ते उठून गेले असते. म्हणून मी लिहिते आहे.

आमची ओळख माझ्या तोंडाळपणामुळे झाली. सुपरमार्केटच्या बाहेरच्या बाकावर बसून मी जालन्याच्या भावाला फोनवर झापत होते. शेजारी एक सावळे, कडक इस्त्रीच्या शर्टातले म्हातारे गृहस्थ बसलेले. माझं आटोपल्यावर ते शुद्ध मराठीत म्हणाले, "बाई, फोन कशाला केलात? एवढ्या आवाजात जालन्यापर्यंत तसंच पोचलं असतं." मी गोरीमोरी झाले. त्यांनी कपाळाला हात लावून ख्रिस्ती लोकांचा "सलाम" केला, मी सवयीने "जय भीम" म्हणाले, आणि ते खुदकन हसले. म्हणाले, म्हणजे आपण एकाच वस्तीतले. आमचे लोक गावकुसाबाहेरून आधी निघाले, तुमचे नंतर, वाट तेवढी वेगळी. त्या दिवसापासून ते माझे साळवेकाका झाले.

रूथचा नवरा डच, बंदरं बांधणारा इंजिनिअर. टोंगात कामाला गेला आणि तिथून मास्तरांची मुलगी घेऊन परत आला. काकू तिकडेच वारल्या, तिकडेच पुरल्या. मग काका मुलीकडे आल्मेरेला आले. हे गाव समुद्र उपसून काढलेल्या जमिनीवर वसवलेलं आहे हे कळल्यावर, रूथ सांगते, ते पहिले काही दिवस नीट जेवले नाहीत. त्यांना चालायची हौस होती, पण बांधाच्या दिशेने ते कधी गेले नाहीत. पाणी दिसेल असा रस्ता आला की मागे फिरायचे. मी एकदा चेष्टेने म्हटलं, उभं आयुष्य बेटावर काढलं आणि आता तळ्याला घाबरता? ते माझ्या मुलांच्या अभ्यासाबद्दल विचारू लागले. त्यांच्यासारख्या हजरजबाबी माणसाने विषय बदलला, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

शाळेच्या गोष्टी मात्र ते रंगवून सांगत. मिशनला गणिताचा मास्तर हवा होता, तिकडे जायला कोणी तयार नव्हतं, म्हणून हे गेले. तोवर त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. चर्चच्या पडवीत चटया टाकून पहिला वर्ग भरला. घंटा म्हणून गॅसचं रिकामं सिलिंडर झाडाला टांगलं होतं. लोकांनी नारळ विकून, कोंबडीच्या पार्ट्यांतून वर्गणी जमवून पत्रे आणले, बायकांनी गाणी म्हणत दगड वाहिले. मग हायस्कूल, मग वसतिगृह, मग आजूबाजूच्या बेटांवरून मुलं येऊ लागली. आणि त्या आळसावलेल्या, गोड माणसांच्या बेटावर साळवे मास्तरांनी एक नगरकडची गोष्ट नेऊन बसवली. फाटक. दुसरी घंटा झाली की फाटक बंद. उशिरा आलेलं पोर त्या दिवशी घरी.

या फाटकामागे काय होतं ते मला त्यांनी सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. त्यांचे वडील, धर्म बदललेल्या घरातले पहिले शिकणारे, मिशनच्या शाळेत उजाडायच्या आधी जाऊन उभे राहत. कारण उशीर हे हाकलून द्यायला चांगलं निमित्त असतं. वेळेवर आलेल्या पोराला कोणी हाकलू शकत नाही, हे वाक्य वडिलांनी त्यांना दिलं, आणि शेत नाही, घर नाही, तेवढीच काय ती वाडवडिलांची मिळकत. माझे आजोबाही हेच म्हणायचे. आम्हा लोकांच्या घरातली घड्याळं अशीच पुढे असतात.

टाळेबंदी लागली, तसे आम्ही बाकाच्या दोन टोकांना बसू लागलो. टोंगाने सीमा इतक्या घट्ट बंद केल्या होत्या की तो आजार तिथे पोचलाच नव्हता. शाळेला पन्नास वर्षं होत होती. समारंभ तिकडे हॉलमध्ये नेहमीसारखा माणसांनी भरून होणार, आणि काका पडद्यावरून बोलणार असं ठरलं. मला वाटलं खूश असतील. ते म्हणाले, वैशाली, कॉम्प्युटर तू लावून दे, रूथ लावणार नाही. का, विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं.

जवळच्या एका छोट्या बेटावरची लहान मुलं वसतिगृहात राहत नसत. आठवडाभर नातेवाइकांकडे, शुक्रवारी होडीने घरी, सोमवारी पहाटे होडीने परत. त्या देशात रविवार कडक. दुकान नाही, मासेमारी नाही, होडी नाही. सोमवारची हवा खराब असली की आयांचा जीव वरखाली व्हायचा. त्या मास्तरांकडे आल्या. म्हणाल्या, एक तर आमच्या मुलांना रविवारी दुपारी, पाणी शांत असताना निघायची सवलत मिळवून द्या, वडीलधारी तुमचं ऐकतील. नाहीतर सोमवारी उशीर झाला तर फाटक उघडं ठेवा. मास्तरांनी दोन्हीला नाही म्हटलं. प्रभूचा दिवस मोडायचा नाही, आणि नियम तो नियम. त्या बायकांच्या पुढे लुपे नावाची बाई होती. तिची मुलगी आना, रूथच्या वर्गात, रूथच्याच बाकावर बसायची.

त्या रविवारी समुद्र ताटासारखा होता, काका म्हणाले. सोमवारी पहाटे वारा फिरला. होडीवाल्याने थांबू या म्हटलं तर पोरंच म्हणाली, फाटक बंद होईल. होडी उलटली. पाच मुलं गेली, त्यात आना. "मी घंटा दिली आणि फाटक लावलं," काका म्हणाले. "बोट दिसत नाही हे मला माहीत होतं. तरी लावलं."

मी तेव्हा उठून घरी गेले. खोटं कशाला बोलू, चीड आली होती. इतक्या वर्षांनी, एका म्हाताऱ्याची, जो माझ्या मुलांना गणिताची कोडी घालायचा. आणि चीड पुरती येईना म्हणूनही चीड येत होती, कारण ते फाटक कुठून आलं हे मला ठाऊक होतं. माझ्या आजोबांना शाळा काढायला मिळाली असती तर त्यांनीही ते तसंच बसवलं असतं.

त्यानंतर साळवे मास्तरांनी फाटक उपटून काढलं आणि होडी करून एकेका बेटावर फिरू लागले. मुलं शाळेकडे येणार नाहीत, शाळा मुलांकडे जाईल. जिथे दहा पोरं तिथे एक मास्तर, एक पत्र्याचं छप्पर. मिशनने नाही म्हटलं तर लोकांकडे, लोकांनी नाही म्हटलं तर राजाच्या कचेरीत. असं ते जाळं वाढलं. त्यातल्या एकाही शाळेला फाटक नाही. पाहुणे यायचे आणि मुक्त शिक्षणाची केवढी सुंदर कल्पना म्हणून फोटो काढायचे. काका शेजारी उभे राहायचे. इतकी वर्षं ते शेजारी उभे राहिले आणि बोलले नाहीत. बोलले असते तर शाळा बंद पडतील ही भीती होती, असं ते म्हणाले, आणि मग, ही सबब आहे, असंही तेच म्हणाले.

त्या समारंभात काकांना सगळ्यांसमोर माफी मागायची होती. रूथचं म्हणणं साधं होतं. "पप्पा, व्हाय नाऊ? तिथे सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. लेट देम हॅव देअर पार्टी." पण त्या सकाळी, टोंगात तेव्हा संध्याकाळ होती, ती शेवटी बापाच्या शेजारी येऊन बसली. पडद्यावर भरगच्च हॉल, समारंभाचा पोशाख म्हणून कमरेला चटया गुंडाळलेली माणसं, फुलांच्या माळा. काका टोंगन बोलू लागले. मला एक शब्द कळत नव्हता. मी रूथकडे पाहत होते आणि रूथ आपल्या हातांकडे. शेवटी काका खुर्चीतून उतरले, गुडघ्यांवर बसले आणि कपाळ जमिनीला लावलं. कॅमेऱ्यात ते दिसेनासे झाले. मी घाईघाईने लॅपटॉप खाली वाकवला.

तिकडून काहीच आलं नाही. हॉल गप्प. मग मुख्याध्यापकांनी मास्तरांचे आभार मानले, दीर्घायुष्य चिंतलं, आणि बँड वाजू लागला. काका सगळा कार्यक्रम संपेपर्यंत पडद्यासमोर बसून राहिले. मी म्हटलं, काका, नेट अडकत होतं, ऐकू गेलं नसेल. ते म्हणाले, "ऐकू गेलं. तो हॉल गप्प झाला ना, ते मी ऐकलं."

लुपेबाई हयात आहेत, हॉलमध्ये मागे बसल्या होत्या, एवढं त्यांना कोणीतरी कळवलं होतं. तेव्हापासून ते वाट पाहू लागले. बाकावर भेटले की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारायचे, रूथ काही म्हणाली का, फोन आला होता का कुणाचा. शिव्या आल्या तरी चालतील, म्हणायचे. माफी मिळावी असा माझा हक्क नाही, पण हो की नाही एवढं कळलं पाहिजे. उन्हाळा गेला. पानं गळली. हिवाळ्यात त्यांना ताप आला, हाउसआर्ट्सनी, म्हणजे घरच्या डॉक्टरांनी, फोनवरच तपासून घरी थांबायला सांगितलं, आणि मग एका दिवसात इतका दम लागला की ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. शेवटच्या भेटीत त्यांनी रूथला तेच विचारलं. ती नाही म्हणाली. हो म्हणता आलं असतं तिला, कोण तपासणार होतं. पण ती मुलगी कुणाची, तर साळवे मास्तरांची.

दफनाला मोजकी माणसं, खुर्च्या लांब लांब. एकत्र गायचं नाही अशी सूचना दारावर लावलेली. ज्या माणसाच्या शाळांत मुलं आधी गायला शिकतात आणि मग पाढे, त्याला नुसत्या ऑर्गनवर निरोप दिला. इथली जमीन अशी की थोडं खणलं तरी खाली पाणी लागतं. खड्ड्याच्या तळाशी ते चमकत होतं. रूथने ते पाहिलं आणि मीही पाहिलं, आणि आम्ही दोघी दुसरीकडे बघू लागलो.

गेल्या आठवड्यात रूथने मला बोलावलं. पावसात, तिच्या मागच्या अंगणात, छत्र्या धरून आम्ही बोललो. सकाळी तिला टोंगातून फोन आला होता. लुपेबाई. पुतण्याच्या फोनवरून, छोट्या बेटावरून खास मोठ्या बेटावर येऊन. आधी त्या खूप वेळ रडल्या, तिकडच्या रीतीप्रमाणे, मोठ्याने, सूर धरून. मग त्यांनी सांगितलं. मास्तरने पडद्यावर विचारलं ते त्यांनी ऐकलं होतं. पण असल्या गोष्टीचं उत्तर यंत्रातून देत नाहीत. माणूस कपाळ टेकवून बसला की समोर जाऊन, त्याच्या चटईवर बसून द्यायचं असतं. हो असो की नाही असो. म्हणून त्या दुसऱ्याच दिवशी चौकशीला गेल्या, हॉलंडला कसं जायचं म्हणून. कचेरीतली मुलं हसली. आजी, विमानंच बंद आहेत. तरी त्यांनी फोटो काढून घेतला, अंगठा दिला आणि पासपोर्ट करून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. सीमा उघडायची वाट बघत होत्या. मास्तर तोपर्यंत थांबेल असं त्यांना वाटलं होतं. त्याला वेळेची एवढी पर्वा, तो आधी कसा जाईल.

मला राहवलं नाही. मी विचारलं, मग उत्तर काय होतं? माफ केलं होतं का त्यांनी?

रूथने छत्री दुसऱ्या हातात घेतली. म्हणाली, मीही तेच विचारलं. आनाच्या बाकावरची मी, मला तरी सांगाल म्हणून.

"मग?"

"त्या म्हणाल्या, विचारलं मास्तरने होतं. तू नाहीस."