तीन ड्रायव्हर एका टाकीत

मी मूळचा ब्लोअरचा मिस्तरी. ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं जोडायचा औषध फवारायचा पंप. दिंडोरीच्या अलीकडं आमचं गाव, चहूकडं द्राक्षबागा, त्यामुळं नोझल तुंबला, टाकी गळाली की लोक माझ्याकडं यायचे. तेवढंच केलं असतं तर आज गावात मला इज्जत असती. पण कुणी "मिस्तरी, हे जमंल का?" म्हणलं की माझ्या तोंडातनं "त्यात काय एवढं" निघून जातं. डोकं नंतर चालत येतं.

नव्वद सालाच्या सुमारास असाच एकाचा व्हीसीआर हातात घेतला. चित्रात मुंग्या येत होत्या. मी आतलं हेड काढलं आणि पंपाचे पार्ट धुतो तसं डिझेलनं धुतलं. मुंग्या गेल्या, चित्रही गेलं. नुसता आवाज यायचा आणि घरभर डिझेलचा वास. त्या घरातली म्हातारी म्हणायची, "पिक्चर दिसत नाय, पण ट्रॅक्टर लय खरा वाटतो." एवढं होऊनही मला अक्कल आली नाही.

पुढं दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली आणि आमच्या शेजारच्या दादांनी लॅपटॉप घेतला. दादा मोठे बागाईतदार, द्राक्ष परदेशी पाठवायचे, त्याचे कागद करायला. त्याच हिवाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं, वणीकडं दिली. शूटिंगवाल्यानं लग्नाची जी सीडी दिली तिच्यात लग्न कमी आणि गाणी जास्त. नवरानवरी बदामातनं बाहेर येतात, परत बदामात जातात. दादांनी हट्ट करून सगळी मूळ शूटिंग लॅपटॉपमध्ये भरून घेतली. तोवर शूटिंगवाल्यानं त्या कॅसेटींवर दुसऱ्याचं लग्न चढवलं होतं. म्हणजे खरं लग्न जगात एकाच ठिकाणी उरलं, दादांच्या लॅपटॉपमध्ये.

आणि भांडण निघालं. नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, मंडपात माझा मान झाला नाही, मला साडीच दिली नाही. दादांची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, मी माझ्या हातानं कुंकू लावून साडी दिली. निरोपावर निरोप गेले. शेवटी विहीणबाईंचा निरोप आला: मान झाला नसंल तर सून आखाजीला माहेरी धाडणार नाही.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडं लेकींचा सण. त्यात लग्नानंतरची पहिलीच. वहिनी डाळ निवडता निवडता डोळे पुसायच्या आणि खडे डाळीतच राहायचे. दादांनी ती खड्यांची डाळ आठ दिवस गुपचूप खाल्ली.

मग दादांना शूटिंग आठवली. त्यांनी व्याह्यांना निरोप धाडला, "रविवारी या, आत्याबाईंना घेऊन या, डोळ्यानंच बघा." लॅपटॉपवर पिक्चर चालत होता, फक्त जरा अडखळत. दादा मला म्हणाले, "मिस्तरी, पाव्हण्यांसमोर जरा गुळगुळीत चालंल असं करता का?"

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.

नाशिकला जाऊन एका कॉम्प्युटरच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, चित्र दाखवणाऱ्या चिपचा ड्रायव्हर बदलून बघा. ड्रायव्हर म्हणजे त्या चिपला काम कसं करायचं ते सांगणारा छोटा प्रोग्राम. त्यानं तीन सीड्या दिल्या आणि म्हणाला, "लॅपटॉपच्या पोटाखाली मॉडेल नंबर आहे. तो जिच्यावर असेल ती एकच टाका."

आता मला इंग्रजी अक्षरं ओळखू येतात, पण ती एकत्र जमली की मी हरवतो. आणि दुसरं म्हणजे मी द्राक्षाच्या गावातला माणूस. डावण्या आणि भुरी हे आमच्या वेलींचे रोग. आमच्याकडं डावण्याचं औषध, भुरीचं औषध आणि वरून टॉनिक, तिन्ही एका टाकीत कालवून एकाच फेरीत मारायची पद्धत. वेळ वाचतो. मी विचार केला, कुठं नंबर बघत बसू, तिन्ही टाकू, जे लागू पडंल ते पडंल. एकेक सीडी घातली, उजवीकडं खाली जे बटण येईल ते दाबत गेलो. लॅपटॉप मधेच काहीतरी विचारायचा. मी म्हणायचो, दाब पुढं, कामाच्या वेळी बोलू नये.

लॅपटॉप चालू झाला तेव्हा रंग असा झळझळीत की मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. मग पिक्चर लावला. वऱ्हाडाची जीप आली, दार उघडलं, आणि पडदा निळा. वर पांढरी इंग्रजी अक्षरं. मग सगळं बंद.

परत चालू केलं. जीप, दार, निळं. पिक्चर पुढं सरकवून मानपानावर न्यायचा प्रयत्न केला तर जीप यायच्या आधीच निळं. शूटिंग दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यावी म्हणलं तर फाईल एवढी मोठी की तेवढा पेनड्राईव्ह आमच्या तालुक्यात तेव्हा कुणी पाहिला नव्हता. हिशोबाचं काम, पत्रं, फोटो, सगळं ठणठणीत चालायचं. फक्त पिक्चर लावला की मरायचा.

दादांनी विचारलं, "मिस्तरी, काय झालं?"

"गरम होतोय," मी म्हणालो. बुधवार होता. रविवारपर्यंत मी त्या गरमीला धरून बसलो, कारण गरमीत माझी चूक नव्हती. खाली ओलं पोतं घातलं, टेबलफॅन लावला. जीप, दार, निळं. मग मला ती कल्पना सुचली, जी द्राक्षाच्या गावाबाहेर कुणालाच सुचणार नाही. दादांच्या पॅकिंग शेडमध्ये थंड खोली होती. परदेशी जायच्या आधी द्राक्षाच्या पेट्या तिथं गार करून ठेवायच्या. मी म्हणालो, "दादा, पाव्हण्यांना तिथंच बसवू. तिथं द्राक्ष टिकतं, तर लॅपटॉप टिकणार नाय का?"

रविवारी व्याही, विहीणबाई आणि आत्याबाई आल्या. बाहेर उन्हानं डांबर मऊ झालेलं आणि आम्ही पाव्हण्यांना स्वेटर वाटतोय. पॅकिंगच्या बायकांच्या कानटोप्याही दिल्या. पैठणी नेसलेल्या विहीणबाई, वर मोरपंखी कानटोपी. आत्याबाई पेटीवर बसल्या आणि म्हणाल्या, "लग्नात साडी नाय दिली, आता स्वेटर देताय व्हय?"

वहिनींनी ओठ आवळले. मी पिक्चर लावला. जीप आली. दार उघडलं. मी डोळे मिटले. उघडले तर पडदा निळा, आमच्यासारखाच.

"बघा!" आत्याबाई म्हणाल्या. "हायेच नाय त्यात काही. असतं तर दिसलं असतं."

विहीणबाई उठल्या. "चला. आखाजीचं बोलायचं कारणच नाय मग."

वहिनींनी फक्त माझ्याकडं पाहिलं. मला आयुष्यात लोकांनी शिव्या दिल्यात, एकदा नोझलही फेकून मारलाय, पण तसं कुणी पाहिलं नव्हतं.

"थांबा," मी म्हणालो. "गरमीबिरमी काही नाय. लॅपटॉप चांगला चालत होता. मी बिघडवला."

दादा म्हणाले, "आं?"

"दुकानदारानं एक ड्रायव्हर टाकायला सांगितला होता. मी तीन टाकले. नंबर न बघता. डावण्या, भुरी, टॉनिक, एकाच टाकीत."

मग व्याही, जे आतापर्यंत एक शब्द बोलले नव्हते, स्वेटरातनं मान बाहेर काढून म्हणाले, "अरे मग पानं करपणारच की!" ते पण द्राक्षवालेच. "माझी दोन एकर अशीच करपली होती. टाकी रिकामी करा, स्वच्छ धुवा, मग बघा. एवढं कळत नाय मिस्तरी तुम्हाला?"

"ब्लोअरचं कळतं हो," मी म्हणालो. "ह्याला टाकी कुठं हाय तेच सापडत नाय."

शेवटी वहिनी पुढं झाल्या. त्या दहावी पास. बाहेर शेडमध्ये टेबलापाशी आलो तर गरम हवेत येताच लॅपटॉपला घाम फुटला, वर थेंबच थेंब. वहिनींनी पदरानं पुसला, वाळेपर्यंत अर्धा तास कुणालाही हात लावू दिला नाही, मला तर टेबलाजवळही नाही. मग सगळ्या प्रोग्रामांची यादी उघडून एकेक नाव मोठ्यानं वाचलं. मी लांबून सांगायचो, "हे माझं. हे पण माझं." त्या काढून टाकायच्या. व्याही मोजत होते. "दोन झाले. तिसरं?" तिसरं निघालं तसे ते म्हणाले, "धुतली टाकी. लावा."

लॅपटॉप बंद करून चालू केला. आता त्याच्यात कुठलाच ड्रायव्हर नव्हता. अक्षरं पावाएवढी झाली, रंग उडाले, पडद्यावर सगळी माणसं रुंद दिसायला लागली. पण वहिनींनी पिक्चर लावला आणि जीप आली, दार उघडलं, आणि दारातनं नवरदेव उतरला. अडखळत उतरला, एक पाय आत्ता आणि दुसरा थोड्या वेळानं. पण उतरला.

"माझा पोरगा एवढा जाड नाय," विहीणबाई म्हणाल्या. पण बसल्या.

वहिनींनी पुढं सरकवलं. मानपान आलं. वहिनी हातात ताट घेऊन आत्याबाईंकडं चालल्यात, ताटात साडी. सगळे पुढं वाकले. आणि तेवढ्यात पडद्यावर एक पाठ आली. मळका बुशशर्ट, खाली जिलेबीचं ताट धरलेला हात. ती पाठ कॅमेऱ्यासमोर उभी राहिली ती राहिलीच.

"कोण हे खुळं?" आत्याबाई म्हणाल्या.

पाठीनं मान वळवली, जिलेबी तोंडात घातली. मी होतो.

दादांनी कपाळाला हात लावला. वहिनी खाली मान घालून बसल्या. मला वाटलं आता आपण उठून थेट घोटीला जावं, तिथं आपल्याला कुणी ओळखत नाय. पण चित्र माझ्या पाठीनं अडवलं होतं, आवाज नव्हता अडवला. माझ्या पाठीमागनं वहिनींचा आवाज आला, "आत्याबाई, गोड मानून घ्या." आणि मग आत्याबाईंचा, खणखणीत: "रंग बरा हाय. काठ बारीक हायेत पण."

व्याही हळूच म्हणाले, "अक्का, हा आवाज कुणाचा?"

आत्याबाईंनी कानटोपी काढली, घडी घातली, परत उलगडली. "काठ बारीकच व्हते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे मिळाली," विहीणबाई म्हणाल्या.

"मिळाली. बारीक काठाची."

आधी व्याही हसले. मग दादा. मग आत्याबाईच इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि वहिनींनी पाणी दिलं. आत्याबाईंनी पाणी पिऊन पेला परत देताना वहिनींचा हात धरून ठेवला. विहीणबाई म्हणाल्या, "आखाजीच्या दोन दिवस आधीच धाडते सूनबाईला. ह्यांनाच न्यायला धाडा पण." बोट माझ्याकडं होतं. "आमच्याकडं टीव्ही जरा मुंग्या दाखवतोय."

"नाय!" दादा, वहिनी आणि व्याही एकदम ओरडले.

न्यायला दादाच गेले. पोरगी आली तेव्हा वहिनी दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. ओवाळून टाकेपर्यंतही पोरीला धीर नव्हता, ती तशीच आईच्या गळ्यात पडली आणि तुकडा अंगणातल्या कोंबड्यांनी नेला.