पऱ्यावरून मागे फिरलेली

अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या चर्चच्या तरुण संघाने पायी निघायचं ठरवलं, आणि आईने मला न सांगता माझं नाव देऊन टाकलं.

"मी जाणार नाही," मी म्हणाले.

"घरात राहून काय करतेस? या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरतेस. तेच बाहेर फिर."

खोटं नव्हतं ते. बाबांची बदली नगरहून रत्नागिरीला झाली तेव्हापासून मला कुठेच धड बसवत नव्हतं. कपाटातल्या पुस्तकांना बुरशी यायची, कपडे वाळायचे नाहीत. वर्गातल्या मुली माझ्या बोलण्याला हसायच्या आणि मी मनातल्या मनात त्यांच्या हेलाला. दर रविवारी चर्चमध्ये सगळे प्रेमाने विचारत, "रुळलीस का?" मी मान हलवायचे. 'आमचं चर्च' म्हणायची वेळ आली की मी वाक्यच बदलायचे.

फार वर्षांपूर्वी आत घाटाकडच्या एका गावातल्या चार घरांनी बाप्तिस्मा घेतला, गावाने त्यांचं पाणी बंद केलं आणि ती चारही घरं चालत रत्नागिरीला आली. त्यांच्यापासून इथली मंडळी, म्हणजे हे चर्च, सुरू झालं. तरुण संघाला तोच प्रवास तसाच्या तसा करायचा होता. मुलींनी गुडघ्यापर्यंत लुगडी नेसायची, मुलांनी धोतरं, डोक्यावर गाठोडी. पहिल्या लोकांबरोबर एक शेळी होती असं कुणा आजोबांनी सांगितलं म्हणून एक शेळीसुद्धा ठरवली होती. वाटेत एक मुक्काम आणि भाट्याच्या किनाऱ्यावर शेवट. तिथे सगळी मंडळी आम्हाला घ्यायला येणार होती.

भूमिका वाटायला आम्ही चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जमलो. संघाचा पुढारी तिशीतला, शाळेत शिक्षक होता. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. तो त्या चार घरांपैकीच एका घरातला. बाकीची मुलंही बहुतेक त्याच घरांतली असल्यामुळे ज्याने त्याने आपापले पणजोबा आणि पणज्या उचलल्या. शेवटी मी उरले.

"एक सून आहे," दादा म्हणाला. "ती वाटेतल्या पऱ्यापाशी मागे फिरली. ती कुणीतरी करायला हवी."

पऱ्या म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा. रत्नागिरीत येऊन मी शिकलेल्या पहिल्या काही शब्दांतला हा एक. कुणाचाही हात वर झाला नाही.

"तिला बोलायचं काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. गाठोडं खाली ठेवायचं आणि उलट चालायला लागायचं."

"का फिरली ती?"

"विश्वास कमी पडला," दादा म्हणाला. मागून कुणीतरी "लोटाची बायको" म्हणालं, ती बायबलातली, मागे वळून बघितल्यामुळे मिठाचा खांब झालेली, आणि दोघंतिघं हसली.

मला मात्र भूमिका पसंत पडली. पऱ्यापर्यंतच चालायचं, मग मागच्या वळणावर टेम्पो येऊन मला उचलणार आणि मुक्कामाच्या शाळेत नेऊन सोडणार. न बोलता, न रडता सुटका.

टेम्पोने त्या गावापर्यंत जाऊन तिथून चालायला लागलो त्या दिवशी ऊन चांगलंच लागत होतं. पाऊस संपला होता, थंडी आली नव्हती. कापणी झालेल्या शेतांतून वाट जात होती. लुगड्याला जागोजागी पिना, खाली माझे खेळाचे बूट. फोन सगळ्यांचे काढून टेम्पोतल्या स्टीलच्या डब्यात ठेवले होते आणि माझा हात सारखा कमरेशी जाऊन रिकामा परत येत होता. मुलं गाणी म्हणत होती. मी पुढे गेले की दादा मागे बोलवायचा, मागे राहिले की कुणीतरी थांबून वाट बघायचं. मला ना पुढे जाऊ देत होते ना मागे राहू देत होते.

पऱ्याला जेमतेम घोट्याएवढं पाणी होतं. दादाने सगळ्यांना काठावर थांबवून ती हकिकत सांगितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी गाठोडं एका धोंड्यावर ठेवलं. माझ्या सासूची भूमिका करणाऱ्या मुलीने रडायचं होतं. तिने रडण्याऐवजी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. मी वळून चालायला लागले.

सुटल्यासारखं वाटेल असं मी धरून चालले होते. पण पाठीमागे त्यांची गाणी पुन्हा सुरू झाली, पाण्यात पाय पडल्याचे आवाज आले, आणि प्रत्येक पावलाला मला वाटत राहिलं की आता कुणीतरी हाक मारेल. हाक मारायचं ठरलेलंच नव्हतं, त्यामुळे कुणी मारली नाही. आवाज कमी होत गेले आणि मग येईनासे झाले.

वळणावर टेम्पो नव्हता. मी एका झाडाखाली उभी राहिले. मग दुसऱ्या. बसले की मुंग्या चढत, उभी राहिले की पिना टोचत. बराच वेळ असा गेल्यावर थांबून राहणं मला अशक्य झालं आणि मी सरळ गावाच्या दिशेने चालत सुटले.

गावाबाहेरच्या वाडीतल्या पहिल्याच घराच्या खळ्यात माझ्या आईच्या वयाची एक बाई भात झोडत होती. पेंढी उचलून फळीवर आपटायची, की दाणे सगळीकडे उडत. मला बघून तिचे हात थांबले.

"कुनाची गो तू? आनि ह्या अशा लुगड्यात?"

मी सांगितलं की चर्चच्या मुलांबरोबर आले आहे, इथून चार घरं गेली होती त्यांच्या आठवणीसाठी आम्ही चालतोय.

"सकाळी गलका आयकला तो तुमचा होय? आमाला वाटलं शाळेचं काय तरी." तिने पेंढी बाजूला टाकली. "मग तू का मागं आलंस?"

"मी मागे फिरलेली सून आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने घराकडे तोंड करून हाक मारली, "आबा, भायर या. बगा कोण आलीय ती."

तिचे सासरे बाहेर येऊन पायरीवर बसले. तिने त्यांना माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते हसले नाहीत.

"ती माजी आजी," ते म्हणाले.

त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. ती परत आली तेव्हा दिवस गेलेले होते. भाऊबंदांनी काही दिवस तिला पडवीत ठेवलं, मग कामाला माणूस हवं म्हणून घरात घेतलं. पोटातलं मूल म्हणजे यांचे वडील. ती पुष्कळ जगली.

"देवळात जायची नाय. आनि तुमचं ते रविवारचंपन काय नाय. दोनी नाय."

"पण ती परत का आली?"

"भात उबं होतं शेतात, कापायला आलेलं. ते टाकून कोन जाईल?"

"आबा न्हेमी हेच सांगतात," बाई म्हणाली. "माझी सासू येगळं सांगायची. आजीला कुनी इचारलंच नव्हतं. चल म्हनाले, ती गाठोडं घेऊन निघाली. पऱ्यात पाय भिजले तवा तिच्या ध्यानात आलं."

"बायका सांगतात काय तरी," आबा म्हणाले.

मला तिथे बसवेना आणि निघूनही जाववेना. मी म्हटलं, मला काहीतरी काम द्या. बाईने माझ्या हातात एक पेंढी दिली आणि कशी धरायची ते दाखवलं. मी झोडत राहिले. हातांना खाज सुटली, लुगड्याच्या पदरात दाणे अडकले.

दादा कुणाची तरी मोटरसायकल मागून घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "वळणावर थांबायचं ठरलं होतं ना?"

"टेम्पो आलाच नाही."

"शेळी टेम्पोतून उडी मारून पळाली. सगळे तिच्यामागे." तो रागावणार होता, पण बाईने त्याच्यापुढे पाणी आणि गुळाचा खडा ठेवला आणि आडनाव विचारलं. त्याने सांगितलं.

"म्हंजे आमचंच," ती म्हणाली.

मग मीच दादाला सांगितलं हे घर कुणाचं ते. तो पाण्याचा तांब्या हातात धरून उभाच राहिला. त्या सुनेचा नवरा त्याचा खापरपणजोबा, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"तिकडं त्याने दुसरं लगीन केलं," आबा म्हणाले.

"आमच्यात सांगतात की ती त्याच वर्षी वारली," दादा हळूच म्हणाला. "म्हणून केलं."

"मी तिच्या हातची भाकरी खाल्लीय."

दादा पाणी प्यायला. निघताना चर्चमधल्या सवयीने "सलाम" म्हणाला, मग गडबडून हात जोडले.

मोटरसायकल मुक्कामाच्या शाळेजवळ आल्यावर तो म्हणाला, "उद्या सगळ्यांसमोर साक्ष द्यायला उठवतील तुला. हे बोलू नकोस. घरात आता आईच मोठी, मला आधी तिच्याशी बोलू दे."

"बरं," मी म्हणाले. पण पुढचा अख्खा दिवस, शहराकडे उतरताना, ते वाक्य माझ्या तोंडात खड्यासारखं फिरत होतं.

भाट्याला पोचलो तेव्हा भरती येत होती. मंडळी सुरूच्या झाडांखाली सतरंज्या टाकून बसली होती, पुढच्याच रांगेत दादाची आई. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि चर्चच्या पाळकबाईंनी मला उभं केलं. "मागे फिरताना काय वाटलं, ते सांग."

मी दादाकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. मी म्हणाले, "कुणीतरी हाक मारेल असं वाटलं," आणि पुढचं गिळलं. मी बसायच्या आत दादा उठला आणि त्याने सगळं सांगितलं. घर, आबा, भाकरी, काहीही न गाळता. सुनेच्या परत येण्याची दोन्ही कारणं सांगितली आणि खरं कुठलं ते आपल्याला माहीत नाही असंही म्हणाला. आदल्या आठवड्यात हॉलमध्ये विश्वासाबद्दल आपण जे बोललो ते मागे घेतो, हे त्याने शेवटी सांगितलं.

मग मागच्या सतरंजीवरून एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "मग भात कापून झालं का तिचं?" त्यावर थोडे लोक हसले. पाळकबाईंनी घाईने गीत सुरू केलं.

दादाची आई गीत संपायच्या आधीच उठून पाण्याकडे गेली होती. चपला हातात घेऊन ती बराच वेळ उभी होती. परत आली ती दादाकडे न जाता माझ्याकडे.

"तिचं घर पऱ्याच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे. गावाच्या बाजूला. पहिलंच."

"तू येशील दाखवायला?"

मी हो म्हणाले. पण नाताळच्या आधी ती खरोखर निघाली तेव्हा माझी चाचणी होती आणि मी गेले नाही. ती आणि दादा फराळाचा डबा घेऊन गेले, घर त्यांनी विचारत विचारत शोधलं. काय बोलणं झालं ते दादाने सांगितलं नाही. नंतर आबांच्या आजारपणात ती पुन्हा जाऊन राहिली एवढंच आईकडून कळलं.

बारावीनंतर मी पुण्याला आले. खोल्या बदलल्या, नोकऱ्या बदलल्या. तरुण संघ अजून चालत जातो. ती सून करायला आता मुलींमध्ये भांडणं होतात असं दादा एकदा फोनवर म्हणाला, कारण कुठल्या कारणाने फिरायचं ते जिचं तिने ठरवायचं असतं. या दिवाळीला ये म्हणाला. बघते, म्हटलं मी. सुट्टी मिळायला हवी.