काकांचं लाकडी चर्च

स्वीडनच्या एका खेड्यातल्या लाकडी चर्चचा इतिहास अख्ख्या भारतात एकाच माणसाला तोंडपाठ आहे. तो माणूस हैदराबादेत विद्यानगरला राहतो आणि आमच्या नशिबानं माझ्या मावशीचा नवरा आहे. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून काका तिकडे गेले अन् त्या चर्चच्याच प्रेमात पडून आले. वीज पडून ते जळालं तेव्हा गावकऱ्यांनी जंगलातून ओंडके ओढून पुन्हा कसं उभारलं, छताच्या फळ्यांना अजून डांबर कसं फासतात, प्रवचनात डुलक्या घेणाऱ्यांना लांब काठीनं ढोसायला पूर्वी खास माणूस कसा असायचा, हे त्यांनी अंबरपेठच्या भाजीवाल्यालाही ऐकवलंय. "हौ साब, भिंडी कित्ती देऊँ?" एवढंच तो बिचारा म्हणाला. खुद्द त्या चर्चमध्ये काकांनी भर प्रवचनात भिंतीवर टकटक करून वाळवी लागलीय का ते तपासलं होतं. आपल्याकडचा माणूस, लाकूड दिसलं की हात शिवशिवणारच! तिथं वाळवी नसतेच, हे त्यांना कोण सांगणार? कुणी दार ठोठावतंय असं वाटून पाद्रीबाबांनी प्रवचन थांबवून दार उघडायला माणूस धाडला.

गेल्या जुलैत त्या गावाजवळच्या जंगलात वणवा पेटला. सकाळी बातमी कळली आणि मुलीचा फोन लागेना, जावयाचाही लागेना. आम्ही सगळे मावशीकडे जमलो. आणि हे गृहस्थ येरझाऱ्या घालत काय म्हणत होते? "डांबर आहे रे छताला! ठिणगी पडायचा अवकाश!" मग थोड्या वेळानं, "घंटेचा मनोरा वेगळा आहे, तो वाचेल." शेवटी मावशी कडाडली, "अहो, पोरगी आहे तिथं तुमची! नातू आहे! त्यांचं नाव तरी काढा तोंडातून!" काकांनी तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा छताच्या डांबराचंच सुरू केलं. असा संताप आला होता मला!

दुपारी फोन वाजला. काकांनी तो मावशीच्या हातातून ओढूनच घेतला.

"बाबा, तुमचं चर्च वाचलं हो! सगळ्या गावानं पाणी मारून..."

"खड्ड्यात गेलं ते चर्च!" काका ओरडले. "तू कुठं आहेस? बाळ कुठंय?"

मुलगी, जावई, बाळ, तिघंही शेजारच्या गावातल्या शाळेत सुखरूप होती. फोन मावशीच्या हाती देऊन काका तिथंच फरशीवर बसले आणि हमसाहमशी रडले. ती नावं तोंडातून काढायची त्यांची दिवसभर छातीच झाली नव्हती.

हल्ली ते चर्चचा विषय काढत नाहीत. परवा घरी पाहुणे होते, म्हणून मीच मुद्दाम छेडलं, "काका, ते वीज पडल्याचं सांगा ना." "आहे एक जुनं चर्च तिकडे," एवढंच म्हणाले, आणि मुलीच्या फोनसाठी मोबाइल चार्जिंगला लावलाय ना, ते बघायला आत गेले.