लाईनमनच्या घरचं नेट

मधुसूदनराव टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाईनमन होते. दारव्ह्यापासून बोरी अरबपर्यंतचा एकेक खांब त्यांच्या ओळखीचा. अशा माणसाच्या घरात नेट रडतखडत चालावं, म्हणजे शोभा झालीच की नाही!

बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच्या पुढच्या सालचा मे महिना. सून मिताली त्याच अळीचा अभ्यास करून शिकलेली. एका संशोधन केंद्राची शेवटची मुलाखत दुपारी तीनला लॅपटॉपवरून होती. आधीच्या फेरीत तिचा चेहरा दोनदा गोठला होता. या वेळी तुटलं तर पुढच्या उमेदवाराला घेऊ, असं त्यांनी साफ कळवलं होतं. दोन वर्षं पोरगी या नोकरीसाठी झुरत होती.

मधुसूदनरावांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. खांबापासूनची तार तपासली, राऊटर बंद करून चालू केलं, कंपनीच्या माणसाला फोनवर झापलं. शेजारचं कोणी फुकटात वापरत असेल म्हणून मितालीनं पासवर्ड बदलला. तरी तिच्या खोलीत ते मेलं चक्र फिरतच राह्यलं. हॉलमध्ये राऊटरजवळ बसावं, तर तिथं सासूच्या, सुचित्राबाईंच्या, पापड लाटणाऱ्या मैत्रिणींचा गलका.

दीड वाजता म्हातारा डोकं धरून बसला. मग जुनी सवय आठवली. लाईन बिघडली की ते टोकापासून शोधत नसत. मधोमध जाऊन आधी कोणती बाजू जिवंत आहे ते पाहत. त्यांनी मितालीच्या हातात लॅपटॉप दिला, तिला राऊटरजवळ उभं केलं आणि एकेक पाऊल खोलीकडे चालायला लावलं. खोलीच्या दारापर्यंत वेग झकास. दारातल्या कूलरला वळसा घालून ती आत गेली, अन् वेग धाडकन पडला.

पत्र्याचा धिप्पाड कूलर, पोटात चाळीस लिटर पाणी. त्यातून सिग्नल जाणार कसा? होळीनंतर मधुसूदनरावांनीच तो ओढत सुनेच्या दारात आणला होता, तिला गार हवा लागावी म्हणून. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प राहिले असते तरी कूलर तिथं कोणी आणला, हे त्या घाईत कोणी विचारलं नसतं.

"कूलर मीच ठेवला तिथं, मिताली. तुले त्रास माह्यामुळं झाला."

"आधी बाजूले घ्या, बाबा," ती म्हणाली. "रागवायचं मंग पाहू."

बादल्यांनी पाणी उपसलं. पापडवाल्या बायांनी पदर खोचून हात लावला आणि कूलर अंगणात गेला. मग सगळ्या जणी तोंडाला कुलूप लावून पंचेचाळीस डिग्रीत घामाघूम बसल्या. मधुसूदनराव बंद दाराला कान लावून उभे. आतून मितालीचा आवाज येत होता, सलग, कुठंही न तुटता. त्यांच्या छातीवरचा धोंडा हळूहळू उतरत गेला.

पावणेचारला दार उघडलं. ती घामानं चिंब भिजली होती.

"एकदाही अडकलं नाही, बाबा. जूनपासून या म्हणाले."

मधुसूदनरावांनी आयुष्यात हजारो लाईनी जोडल्या, पण जोडून झालं की शिडी उचलून ते पुढच्या खांबाकडे जायचे. त्या तारेवरून कोणाला कोणती खबर मिळाली, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. आज कळलं, आणि त्यांना रडू आवरेना.