डाव्या पेडलचे आटे

मी एकोणतीस वर्षं आयटीआयमध्ये मुलांना आटे पाडायला शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर सातव्या महिन्यात बायकोच्या सायकलचे आटे स्वतःच्या हाताने खलास केले.

आटे म्हणजे बोल्टवरच्या त्या गोल गोल खाचा. एकात एक बसल्या की बोल्ट घट्ट, घासून गेल्या की खेळ खल्लास. बहुतेक आटे उजवीकडे फिरवले की आवळतात. सायकलच्या डाव्या पेडलचे मात्र नेमके उलटे असतात. हा माझा पहिल्या तासाचा पहिला धडा होता. 'आटा बघा, मग हात लावा!' हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय, की झोपेतसुद्धा म्हणतो (असं आमच्या हिचं म्हणणं आहे).

तर आमची ही, म्हणजे सुनंदा. लेक नोकरीला पुण्याला गेली आणि तिची गिअरची सायकल घरी राहिली. धूळ पुसता पुसता ही एक दिवस तिच्यावर बसली आणि चोपन्नाव्या वर्षी सायकल शिकली! भाऊबीजेला मोडनिंबला माहेरी गेलो, तेव्हा तिने हे सांगितलं आणि तिचे थोरले भाऊ बबनराव हसून हसून खाटेवरून पडायचे राहिले.

"ह्या वयात सायकल? अगं, साठ किलोमीटर हाय! सोलापूरहून हितपातूर सायकलवर येऊन दाखव. मी सवताच्या हातानं पुरणपोळ्या लाटून अख्ख्या गल्लीला जेवू घालतो!"

"व्हय? मग डाळ भिजत घाल," सुनंदा म्हणाली.

दोन महिने ती रोज पहाटे सराव करत होती. रविवार ठरला. बबनरावांनी 'येतीय कशाची!' म्हणत गल्लीला आवतणंही दिली. आणि शनिवारी सकाळी, ती बाजारात गेलेली बघून, मला तिची सेवा करायची सुरसुरी आली.

म्हटलं, पेडलांना ग्रीस लावून ठेवू. ओसरीत सायकल उलटी केली, सीट खाली आणि चाकं वर. पाना लावला. पेडल हलेना! म्हटलं, गंजलंय. जोर वाढावा म्हणून पान्याच्या मुठीवर तीन फुटी पाईप चढवला. हलेना! एक पाय भिंतीला लावला, श्रीसिद्धरामेश्वराचं नाव घेतलं आणि पिळला. 'कर्रर्र' असा आवाज झाला आणि पेडल माझ्या हातात आलं. सोबत, पेडल ज्यात बसतं त्या दांड्यातले सगळे आटेही आले, ॲल्युमिनियमच्या शेवया होऊन.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. सायकल उलटी केली, की डावं पेडल उजवीकडे येतं! मी उजवं समजून डावं सोडवत होतो, म्हणजे जीव खाऊन आवळत होतो. एवढ्यात फाटक वाजलं.

सुनंदाने भाजीची पिशवी खाली ठेवली. आधी शेवया बघितल्या, मग मला बघितलं.

"उद्या पहाटे साडेपाचला मी निघणार," ती शांतपणे म्हणाली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "दादापुढं माझी मान खाली गेली, तर तुमची कुठं ठेवायची ते मी ठरवीन."

मी पेडलचा दांडा सायकलवरून उतरवला, पेडलसकट पिशवीत घातला आणि स्कूटरला किक मारली. उपाय मला ठाऊक होता. दांड्याचं भोक मोठं करायचं, त्यात लोखंडी बुश, म्हणजे जाड नळीचा तुकडा, बसवायचा आणि बुशाच्या आत नवे डावे आटे पाडायचे. लेथवर कातकाम करणाऱ्याचं तासा-दोन तासांचं काम. अडचण एकच होती. सोलापुरात जिथे लेथ, तिथे माझा विद्यार्थी! आणि ज्या माणसाने पोरांना डाव्या पेडलवरून वर्गाबाहेर उभं केलं, त्याने डावं पेडल घेऊन त्यांच्या दारात कोणत्या तोंडाने जायचं?

सात रस्त्याजवळच्या पहिल्या वर्कशॉपमध्ये माणूस पाठमोरा उभा होता. ती मान मी लगेच ओळखली. दोन वर्षं माझ्या तासाला ती फळ्याऐवजी खिडकीकडेच वळलेली असायची. मी हेल्मेट न काढताच परत फिरलो. दुसऱ्या दुकानात आतून आवाज आला, "सर! तुमी?"

"पत्ता चुकला," मी हेल्मेटमधून म्हणालो.

"कुणाचा पत्ता सर?"

"तेच चुकलंय!" असं म्हणून मी निघालो. तिसऱ्या दुकानात ओळखीचं कोणी दिसेना, म्हणून हेल्मेट काढलं, तर मशीनच्या वर निरोपसमारंभाचा फोटो आणि मधोमध मी. हार तेवढा घालायचा राहिला होता.

शेवटी पूर्व भागात, जिथे यंत्रमागांचा खडखडाट चालतो, तिथे एका बोळात नरसय्याचं दुकान सापडलं. मागाचे सुटे भाग दुरुस्त करणारा साठीचा माणूस, कानावर पेन्सिल.

"आयटीआय झालंय का तुमचं?" मी आधी तेच विचारलं.

"न्हाय की. शाळाच तिसरीत सोडली."

"वा! फार छान!" मी म्हणालो. (शिक्षकाच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, पण तेव्हा अगदी मनापासून आलं.)

नरसय्याने दांडा उजेडात धरला. "कुणी केलं हे?"

"सायकलवाल्याने."

"न्हाय. सायकलवाला जोर लावतो, पण येत न्हाय म्हणल्यावर थांबतो. पाईप घालून शेवटपातूर पिळायला लई शिकलेला माणूस लागतो."

मी स्टुलावर बसलो. त्याने बुश कापला आणि आटे पाडायला घेतला. आणि मला काही राहवेना!

"डावे आटे आहेत हं. स्क्रू उलटा फिरवायचा. आणि हत्यार आतून बाहेर—"

नरसय्याने मशीन बंद केलं. "तुमी मास्तर हाय का?"

मी नाइलाजाने मान डोलावली.

"मास्तर, तुमाला समदं म्हाईत हाय. मग हे..."

"सायकल उलटी होती हो!" मी एकदाचं सांगून टाकलं.

नरसय्या इतका हसला, की कानावरची पेन्सिल पडली. हसणं ऐकून शेजारच्या दुकानांतून चौघे धावत आले. त्यातले तिघे माझे विद्यार्थी निघाले!

"सर, काय करायलाव हितं?"

नरसय्याने सगळं रंगवून सांगितलं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एका सुरात म्हणाले, "आटा बघा, मग हात लावा!" मग मात्र तिघांनी बाह्या सरसावल्या. एकाने आटे मोजायचा गेज आणला, एकाने दांडा ड्रिलखाली घट्ट धरला, एकाने चहा सांगितला. मोडनिंबची पैज ऐकल्यावर तर सगळा बोळच कामाला लागला. नरसय्याने बुश बसवला, पेडल हाताने फिरवलं आणि ते लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. "मालकिणीला सांगा, सायकल मोडंल, पण हे न्हाय निघायचं," तो म्हणाला. माझ्या शिकवण्याचं एवढं सार्थक निरोपसमारंभातही वाटलं नव्हतं.

रविवारी बरोबर साडेपाचला सुनंदा निघाली. मागून स्कूटरवर मी, पान्यांची पेटी पायाशी घेऊन. दर पाच किलोमीटरला मी ओरडायचो, "दांडा कसाय?"

"दांडा बराय! तुमी गप बसा!"

मोहोळ मागे पडलं, ऊन चढलं, तिचा चेहरा लालबुंद झाला, पण पाय थांबले नाहीत. मोडनिंबच्या गल्लीत ती घंटी वाजवत शिरली, तेव्हा बायका ओवाळायला पुढे धावल्या आणि मला भर रस्त्यात रडू आलं. काय सांगू, इतका अभिमान मला स्वतःच्या लग्नातही वाटला नव्हता!

बबनराव शब्दाचे पक्के. वहिनींचा टॉवेल कमरेला गुंडाळून पोळपाटापाशी बसले. पुरण एकीकडे, पोळी दुसरीकडे, आणि पीठ मिशांवर. सगळी गल्ली त्या फाटक्या पोळ्या मिटक्या मारत खात होती. एवढ्यात तुपाची नवी बरणी आली. थंडीने तूप गोठलेलं, फिरकीचं झाकण कुणालाच उघडता येईना.

"दाजींकडं द्या की! त्ये आट्यातलं माणूस हाय!" बबनराव म्हणाले.

पंगत माझ्याकडे बघू लागली. मी घाई केली नाही. आटा बघितला, नीट विचार केला, तूप सुटावं म्हणून बरणी उलटी धरून तळाला दोन थापा मारल्या आणि तशीच धरून सगळा जोर लावला. मग आणखी लावला.

सुनंदाने माझ्या हातातून बरणी घेतली आणि सुलटी केली. "अहो, आवळलंत की आणखी!" असं म्हणत तिने पदरात झाकण धरून एका हिसक्यात उघडलं.

तर त्या दिवशी सायकल तिने मारली, आटे नरसय्याने पाडले, पोळ्या बबनरावांनी लाटल्या. माझं योगदान विचाराल, तर वाढायच्या आधी तूप सांडू नये याची चोख व्यवस्था मी केली होती!