जिना, उचकी, शेपूट

इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर ओल्या चादरी उचलणाऱ्या माणसाच्या खांद्यांत संध्याकाळी जे उरतं, त्याला बळ म्हणत नाहीत. तो तळाशी बसलेला गाळ असतो. फुंक्या त्या गाळावर क्लॅरिनेट वाजवायचा.

फुंक्या हे नाव धुलाईघराने ठेवलेलं. पाळी संपली की बाकीचे घरची वाट धरत आणि हा वाळवणखोलीत शिरे. तिथे छतापासून चादरी लोंबत, गरम हवा घुमत राही, आणि ओलं कापड आवाज पिऊन टाकी. त्यामुळे कुणाची तक्रार येत नसे. त्याची बायको त्याच इस्पितळाच्या फाटक्या चादरी रफू करी. बरोबर घरी जायचं म्हणून तीही कोपऱ्यात टोपली पालथी घालून बसे. तो वाजवी, ती सुई चालवी. असे किती हिवाळे गेले ते दोघांनीही मोजले नव्हते.

रियाज ठरलेला. आधी लांब सूर, छातीतला वारा संपेपर्यंत एकच. मग खालून वर, वरून खाली, सगळ्या पट्ट्यांतून. मग एखादी जुनी चाल घ्यायची, तिचा सांगाडा मनात धरायचा आणि त्यावर आयत्या वेळी सुचेल ते चढवत जायचं. जॅझमध्ये खरी परीक्षा या शेवटच्या कामाची. चाल सगळ्यांची असते, पण मधे तुमची पाळी आली की बाकीचे मागे सरतात आणि जणू म्हणतात, बोल बाबा, तुला काय बोलायचंय ते. तिथे पाठ केलेलं चालत नाही.

फुंक्याला नदीकाठच्या हॉटेलातल्या बँडमध्ये बसायचं होतं. आयुष्याकडे त्याने दुसरं फारसं मागितलं नव्हतं. तिथला म्हातारा क्लॅरिनेटवाला मुलीकडे राहायला गेला होता आणि खुर्ची रिकामी होती. पियानोवाले मास्तर बँड चालवत. त्यांच्यापुढे फुंक्या दोनदा वाजवून आला होता.

दुसऱ्या खेपेला मास्तर म्हणाले, "स्वच्छ वाजवतोस. पण मागच्या वेळीही हेच बोलला होतास की रे. अजून एकदा ये, महिनाअखेरीला. मग मात्र मला दुसरा बघावा लागेल."

वाळवणखोलीत आल्यावर फुंक्या धुमसत होता. "हेच म्हणे! मी दरवेळी मनाला येईल ते वाजवतो."

बायकोने दातांनी दोरा तोडला. "मनाला येतं हो. पण तुमच्या मनाला तेच तेच येतं."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"वाजवा बघू."

त्याने वाजवायला घेतलं. ती मान वर न करता म्हणाली, "आता जिना." त्याची बोटं धडाधडा खालच्या सुरांकडे उतरली. "आता उचकी." सूर मधेच अडकला आणि टुणकन वर उडाला. "आणि हे आलं शेपूट." शेवटचा लांब सूर थरथरला आणि लाजेने तिथेच मेला.

फुंक्याने क्लॅरिनेट तोंडातून काढलं. "ही नावं कधी ठेवलीस?"

"धाकटीच्या वेळी दिवस राहिले होते तेव्हा. ती आता नोकरीला लागली."

तो भिंतीला टेकून खाली बसला. चेष्टा असती तर सोसली असती. पण हे खरं होतं. कधी काही बरं सुचलं की त्याला एवढा आनंद व्हायचा की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वाजवून बघायचा. तिसऱ्या दिवशीही. असं करत करत त्याने आपलं आयत्या वेळचं सगळं पाठ करून टाकलं होतं. एवढी वर्षं घाम गाळून त्याने नेमकं तेच कमावलं होतं, जे कमवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायकोनेच तोड काढली. "मी 'पाठ' म्हटलं की ते तिथेच सोडायचं."

"आणि मग वाजवायचं काय?"

"ते मला विचारू नका. मी चादरी शिवते."

तेव्हापासून वाळवणखोलीत सूर कमी आणि "पाठ!" जास्त ऐकू येऊ लागलं. जिना सुरू झाला की "पाठ!" उचकी लागली की "पाठ!" तो वाट बदलायचा, अडखळायचा, बेसूर किंचाळायचा आणि दोन पावलांवर ये रे माझ्या मागल्या. खांदे भरून यायचे, ओठ सुजायचे.

एकदा तो वैतागला. "अगं, श्वास तरी घेऊ दे!"

"घ्या की. श्वास कुठे पाठ आहे?"

महिनाअखेरीला दोघं कामावरून परस्पर हॉटेलात गेली. दालन रिकामं होतं, खुर्च्या टेबलांवर पालथ्या. बायको रफूची टोपली घेऊन मागे बसली. मास्तरांनी चाल धरली, ड्रमवाल्याने ताल धरला, आणि फुंक्याची पाळी आली.

घाबरलेला माणूस ओळखीच्या दारातच शिरतो. फुंक्या जिना उतरू लागला. अर्ध्यावर आला आणि मागून खणखणीत आवाज आला, "पाठ!"

जिभेची सवय ती. बायकोने तोंडावर हात दाबला. ड्रमवाला फिसकन हसला, पण त्याचा ताल सुटला नाही. फुंक्या थांबला. पुढे काही नव्हतं. जिना नाही, उचकी नाही, शेपूट नाही. फक्त खांदे ठणकत होते. त्याने श्वास घेतला आणि ताल तसाच जाऊ दिला, आणखी थोडा जाऊ दिला. मग खालचे तीन सूर हळूच टेकवले, ओलं गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावं तसे. पुन्हा थांबला. पुन्हा तेच गाठोडं, पण जरा वेगळं धरलेलं.

मागे बायकोची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली होती. पुढे काय येणार, तिला ठाऊक नव्हतं.

चाल संपल्यावर मास्तरांनी पियानोचं झाकण लावलं. "शनिवारी ये. पांढरा शर्ट आहे का?"

"मास्तर, मी धुलाईघरात आहे."

"आणि वहिनींना जरा लांब बसवा," ड्रमवाला म्हणाला. "मला हसू आवरत नाही."

दुसऱ्या दिवशी चादरी तेवढ्याच होत्या आणि तेवढ्याच ओल्या. पाळी संपली. वाळवणखोलीत फुंक्याने डोळे मिटले, आणि कालचे तीन सूर आपसूक आले, या खांद्यावरून त्या खांद्यावर.

"पाठ!"

"अगं, हे तर कालच सुचलंय!"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि सुईत नवा दोरा ओवू लागली.

फुंक्याने खांदा चोळला. नेहमीसारखं कुरकुरावं असं त्याला वाटलं, पण तेही पाठच होतं. त्याने ओठ ओले केले आणि नुसता श्वास घेतला.